गोलपोस्ट लवकर उखडू नयेत

२०१४ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने, म्हणजे ‘ओल मिस’ने, पहिले सातही सामने मारले. (आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून धडका मारायचा अमेरिकन.) ४ ऑक्टोबरला बलाढ्य अलाबामाला २३-१७ हरवल्यावर तर प्रेक्षक मैदानात घुसले, गोलपोस्ट उखडले आणि तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले. दंड बसला ५० हजार डॉलर. भक्तीपुढे पैसा काय!

देशात तिसरा क्रमांक मिळाला आणि साडेसाती लागली. एलएसयूकडून १०-७ हार, मग ऑबर्नकडून ३५-३१. आर्कान्सॉने तर ३०-० असा कोरडाच घरी पाठवला. शेजारच्या मिसिसिपी स्टेटला हरवून लाज थोडी राखली, पण ३१ डिसेंबरला मोसमाअखेरच्या ‘पीच बोल’ सामन्यात टीसीयूने ४२-३ अशी पूजा बांधली. इतरांचा थर्टीफर्स्ट रात्री असतो. यांची दुपारीच उतरली.

एवढ्यावर भागलं नाही. पुढे नियमभंगाच्या चौकशीत त्या मोसमातले नऊपैकी आठ विजय दप्तरातून रद्द झाले. चारही पराभव मात्र जसेच्या तसे शाबूत! नियमच तसा आहे: विजय काढून घेतात, पराभव कोणी परत मागत नाही.