भाडंही आपलं, धोरणही आपलं
(केजमधल्या होतकरू पुढाऱ्यांसाठी)

नगरपंचायतीत निवडून आलात, अभिनंदन! पण नुसत्या मानधनावर घर चालतंय होय? खालचे धडे गिरवा.

1. आधी गाळे बांधा, परवानगीचं मागून बघू. मात्र 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम 44 वाचून ठेवा. सदस्यानं, त्याच्या जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं, तर पद जातं. मेहुण्याचा उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांनाही मेहुणे असतात.

2. शपथपत्रात खोटं लिहू नका, गरजच नाही. ते तुमची, बायकोची आणि अवलंबितांची मालमत्ता विचारतं. मुलगा कमावता झाला की अवलंबित उरत नाही. तेव्हा त्याला लवकर कमावता करा. बापाचं कर्तव्यच आहे ते.

3. भाडेकरू म्हणून सरकारच गाठा. पैसे उशिरा देतं, पण नळाला पाणी नाही म्हणून रात्री दार वाजवत नाही. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी बीड, नगर आणि जालना जिल्ह्यांसह राज्यात 82 वसतिगृहं जाहीर झाली आणि सुरुवात भाड्याच्या इमारतींतून झाली. अशा वेळी तुमचे तीन मजले तयार पाहिजेत. बैठकीत ‘लेकरांचे हाल बघवत नाहीत’ म्हणा, आवाज थोडा कापू द्या. भाड्याचा ठराव आला की पाच मिनिटं चहाला बाहेर जा. इतिवृत्तात ‘सदस्य अनुपस्थित’ असं येतं, चारित्र्याला डाग नाही. सरकारनं स्वतःची इमारत बांधावी असं कुणी बोललंच, तर जागा शोधायला समिती सुचवा. अध्यक्ष तुम्हीच व्हा. जागा लवकर सापडता कामा नये.

4. विकास आराखड्यात खेळाचं मैदान विरोधकाच्या प्लॉटवर टाका. पोरांनी खेळायला पाहिजे.

5. मोठ्यांकडून शिका, पण बेतानं. 1995 साली मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातलं घर मिळवायला उत्पन्न कमी दाखवल्याच्या खटल्यात नाशिकच्या कोर्टानं फेब्रुवारी 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ते वरच्या कोर्टात गेले. निकालाला तीस वर्षं लागली. तेवढ्यात तुमचं गृहकर्ज फिटतं. आपल्या मराठवाड्याचंही बघा. 2023 च्या म्हाडा सोडतीत मुंबईत ताडदेवचा साडेसात कोटींच्या आसपासचा फ्लॅट लोकप्रतिनिधींच्या कोट्यातून बदनापूरचे आमदार नारायण कुचे यांना लागला. त्यांनी तो सोडला. मग प्रतीक्षायादीवरचे भागवत कराड, म्हणजे देशाचे तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री, त्यांनीही सोडला. स्वप्न झेपेल एवढंच पाहावं. केजमध्ये गाळे बरे.

6. भाडेकरूंच्या हक्कांवर सभेत जोरदार बोला, पेपरला फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी भाडं वाढवा. कुणी कुरकुरलंच तर प्रेमानं खांद्यावर हात ठेवून सांगा, ‘घरमालकाचा जाच असेल तर आपल्या नगरसेवकाला भेटा.’ आणि भेटीची वेळ तिथल्या तिथे देऊन टाका.