निघालेले सर

जुन्या पनवेलात बाजारामागच्या एखाद्या जिन्यापाशी ‘स्पोकन इंग्लिश’ची पाटी दिसली की खुशाल समजावं, वर एक सर आहेत आणि ते परदेशी निघालेले आहेत. म्हणजे कित्येक वर्षं निघालेलेच आहेत. २०२५ च्या डिसेंबरात इथल्या नव्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. त्यात सरांचीच पंचाईत झाली. ‘सहारला पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो हो’ ही सबब गेली.

सरांचं इंग्रजी उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. व्याकरण तर इतकं अंगात मुरलेलं की घरी चहासुद्धा ‘केला गेला आहे का?’ असं विचारतात.

परदेशी शिकवायला जाण्याच्या कागदांची फाईल तर बघण्यासारखी. पदवीवर परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिलचा शिक्का आहे. पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपते, की सर पुन्हा हजर. हवालदार आता आपणहून विचारतो, ‘‘काय सर, यंदा कुठला देश?’’

मागे कोरिया होता. पण तिथं भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटनसारख्या सातच देशांच्या लोकांना मिळतो. भारतीयांना २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारानं शाळेत सहायक म्हणून वाट आहे, पण त्याला शिक्षकाची रीतसर पात्रता लागते. सरांनी बी.एड. केलं नाही. ‘‘शिकवणं रक्तात असावं लागतं,’’ म्हणाले. कोरियाच्या वकिलातीत रक्त तपासायची सोय नसावी.

मग व्हिएतनाम आला. त्यासाठी दिवाळीच्या सेलमध्ये १२० तासांचं ऑनलाइन टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, घेतलं. हे १२० तास सरांनी एका शनिवार-रविवारात कसे बसवले, ते विचारू नये. केंब्रिजच्या सेल्टा या तशाच कोर्साचं नाव काढलं की मात्र सर कासावीस होतात. तासांचा हिशोब तिथंही साधारण तेवढाच, पण खरेखुरे विद्यार्थी समोर घेऊन सहा तास शिकवावं लागतं आणि मागे कुणीतरी वही उघडून टिपणं काढत बसतं. ‘‘मला कोण तपासणार?’’ असं सर म्हणतात. माझ्या मते दुखणं वेगळंच आहे. त्या कोर्सात शिक्षकानं कमी बोलून विद्यार्थ्यांना बोलतं करायचं असतं. सरांच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात आजवर स्पोकन जे काही झालं, ते सरांनीच केलं.

त्यांचाच एक जुना विद्यार्थी, मागच्या बाकावरचा, मुकाट्यानं सेल्टा करून आता हनोईत शिकवतो. परवा त्याचा फोन आला.

‘‘सर, आमच्याकडे जागा आहे. वर्ग घेतानाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवा.’’

सरांनी इस्त्रीचा शर्ट घालून तो त्याच दिवशी पाठवला. संध्याकाळी पुन्हा फोन.

‘‘सर, व्हिडिओ छान आहे. पण मुलं कुठायत?’’

‘‘आहेत की समोर,’’ सर अभिमानानं म्हणाले, ‘‘आवाज आला का एकाचा तरी?’’