बाजारात तुरी, वहीत नफा

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ला गांजा खुला केला आणि गांजेकसाच्या आधी हिशेबनीसच तरंगू लागला. आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक ४१ सांगतं की वाढतं रोप ही ‘जैविक मालमत्ता’. विक्रीखर्च वजा जाता जी रास्त किंमत येईल, ती वहीत धरा. म्हणजे फूल धरलं की नफा धरला. गिऱ्हाईक अजून घरी घोरतंय, माल झाडावरच आहे, पण नफ्याचा आकडा केव्हाच फुललाय. (चाळीत कांदा राखून बसलेल्या आमच्या शेतकऱ्याचा असा हिशेब बँकेने एकदा तरी मान्य करावा!)

मग खरी विक्री. बहुतेक प्रांतांत तीही आधी सरकारी मंडळाला. फुलांवर अबकारी कर ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. भाव दहा डॉलर असेल तर दोन्ही सारखंच. तीनवर आला की तिसरा हिस्सा सरकारचा. म्हणून कंपनीच्या पत्रकात महसूल दोन: वरचा मिरवायला, खालचा करवजा, पोटापुरता.

आणि विकलेला माल विकलेलाच राहील, याची तरी काय हमी? नोव्हेंबर २०१९मध्ये ‘कॅनोपी ग्रोथ’ या गांजाकंपनीने परत येणाऱ्या मालापोटी आणि भावातल्या सवलतीपोटी ३ कोटी २७ लाख डॉलर सोडले, त्यात मुख्यतः तेल आणि कॅप्सूल. पुढे ही कंपनी अमेरिकी लेखापद्धतीकडे वळली. तिथे रोप खर्चाच्याच भावाने मांडतात.