सर्व्हरचा स्मृतिभ्रंश

३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने खांब आडवे केल्यापासून मुरुडमध्ये कोणत्याही बिघाडाचे खापर विजेवर फोडण्याची सोय झाली असून, सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आदल्या रात्रीच्या नोंदी, म्हणजे सेवांनी आपल्या कामाची लिहून ठेवलेली हकिगत, सापडेनाशा झाल्या की हीच सोय कामी येते. वस्तुतः लिनक्समधील जर्नलडी हा नोंदलेखक 'स्टोरेज' या कलमात 'ऑटो' असे लिहिलेले असताना डिस्कवर 'व्हार-लॉग'खाली 'जर्नल' नावाची डिरेक्टरी आहे का, एवढेच पाहतो, आणि ती नसल्यास मुकाट्याने रॅममध्ये, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, लिहू लागतो. परिणामी सेवा का कोसळली हे सांगणारा एकमेव साक्षीदारही तिच्यासोबतच जातो. 'पर्सिस्टंट' हा एक शब्द लिहून जर्नलडी पुन्हा सुरू केल्यास पुढच्या नोंदी टिकतात, परंतु इतक्या स्वस्त उपायाने कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नसल्याने प्रथम नवा यूपीएस मागवला जातो, मग खाऱ्या हवेवर चर्चा झडते आणि अखेरीस सर्व्हरच बदलण्याचा प्रस्ताव तयार होतो. याच जिल्ह्यातील अलिबागला मात्र, मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे आधीच ओळखून, १९०४ साली चुंबकीय वेधशाळाच हलवण्यात आली होती. नोंद जपण्यासाठी तेव्हा इमारत उभारली गेली. आता एक डिरेक्टरी उघडायलाही मंजुरी लागते.