कोरियन काकू

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत हल्ली एखाद्या तरी मजल्यावर कोरियन काकू असतात. बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, गाण्याच्या दोन-चार परीक्षा पदरात. लॉकडाऊनमध्ये भाचीच्या नादाने 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका बघायला घेतली. भाची यथावकाश दुसऱ्या हिरोकडे वळली. काकूंना मात्र सबटायटल खटकायला लागलं. "बाई एवढं लांबलचक बोलतेय आणि खाली नुसतं 'ओके'?" डोंबिवलीकराला शंका आली की तो क्लास लावतो. काकूंनी ऑनलाइन लावला, दोनशे पानी वह्या आणल्या आणि त्यांना खाकी कव्हरं घातली.

हांगुल लिपी त्यांना फार सोपी गेली. चोवीस मूळ अक्षरं. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी सरकून-सावरून एकाच चौकोनात बसतात. ही लिपी सेजोंग राजाने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, हे आता वॉचमनलाही पाठ आहे. दरबारातल्या छे मान-री नावाच्या विद्वानाने १४४४ मध्येच तिच्याविरुद्ध अर्ज केला होता, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना माहीत आहे. पार्किंगच्या नव्या आखणीला त्यांनी हरकत घेतली तेव्हा काकू सर्वसाधारण सभेत एवढंच म्हणाल्या, "बसा, छे मान-री." इतिवृत्तात ते नाव कसं लिहायचं, यावर पुढची दहा मिनिटं गेली.

काकूंचा मूळ पिंड शुद्धलेखनाचा. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या माणसाला त्यांच्या घरी पाणी मिळतं, पण त्यासोबत उच्चारही शिकावा लागतो. आणि कोरियनमध्ये र आणि ल या दोघांना मिळून एकच अक्षर! 'रेल्वे' आणि 'लोकल' दोन्हींची सुरुवात सारखीच. हे मराठीत झालं असतं तर काकूंनी उपोषण केलं असतं. इथे त्या प्रसन्नपणे म्हणतात, "किती शास्त्रशुद्ध!"

थोरांशी बोलताना कोरियन क्रियापदाचं शेपूट बदलतं, हे कळल्यापासून घरातल्यांचं काही खरं नाही. नात आजोबांना "ए आबा" म्हणाली की काकू मान हलवतात. चहाचा कप दोन्ही हातांनी द्यायचा, असा नवा नियम आहे. काका दोन्ही हातांनी घेतात आणि मग पेपर कशाने धरायचा, या विचारात पडतात.

पण काकूंना नुसत्या मालिकांपुरतं धरू नका. तो अपमान त्या विसरत नाहीत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून कल्याणच्या १८६४ सालच्या सार्वजनिक वाचनालयापर्यंत सगळीकडे "कोरियन काय आहे?" हे विचारून झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरियन लेखिका हान कांग यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा काकूंनी मजल्यावर पेढे वाटले. शेजारणींनी आधी सुनेचं अभिनंदन केलं. गैरसमज दूर झाल्यावर काकूंनी त्यांच्या 'द व्हेजिटेरियन' कादंबरीचं कथानक सांगितलं: एक बाई अचानक मांसाहार सोडते आणि सगळं घर हादरतं, बाप तिच्या तोंडात मांस कोंबायला जातो. समोरच्या वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "चातुर्मास धरला असेल हो तिने. कोणीतरी विचारायचं तरी!"

अशा श्रोत्यांमुळे त्या खचत नाहीत. परवाच्या ठाणे फेरीत लेडीज डब्यात त्यांनी शिन क्युंग-सूक यांची 'प्लीज लुक आफ्टर मॉम' सांगायला घेतली. म्हातारं जोडपं मुलांकडे सोलला येतं. स्टेशनात गर्दी. नवरा गाडीत चढतो, बायको मागून येतेय असं धरून चालतो, आणि दारं बंद होतात. ती फलाटावरच राहते आणि हरवते. काकूंचा आवाज भरून आला. डब्यातल्या मटार सोलणाऱ्या बायकांचे हातही थांबले.

"अगं बाई," एकजण कळवळून म्हणाली, "फास्ट होती की स्लो?"