होतकरू धोनी

संघहिताची खरी तळमळ चेन्नईच्या चेपॉक मैदानावरच्या प्रेक्षकांनाच. आपलाच फलंदाज बाद झाला की ते जल्लोष करतात. पुढे धोनी येणार असतो ना! व्यवस्थापनही तितकंच द्रष्टं. ५३८ आंतरराष्ट्रीय सामने आणि २०११चा विश्वचषक गाठीशी असलेल्या ४३ वर्षांच्या गृहस्थांना २०२५च्या आयपीएलसाठी ४ कोटींत ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशासाठी न खेळलेला खेळाडू, म्हणून राखलं. नियमच तसा: पाच वर्षं देशासाठी खेळला नाहीत की तुम्ही नवखे. याच न्यायानं पाच वर्षं घरी बसलेला माजी मंत्री होतकरू कार्यकर्ता ठरावा.

त्या हंगामात चेन्नई दहा संघांत दहावी आली. मधल्या काळात कर्णधार असलेल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचं कोपर दुखावलं आणि त्याच्या जागी विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे संघात आला. पोरगा झकास खेळतो, पण निवृत्तीचा काडीचाही अनुभव नाही.