अमृततुल्यावरचं संपादकीय

पुण्यात कोथरूडातल्या कुठल्याही अमृततुल्यात, म्हणजे चहाच्या दुकानात, सकाळी साडेसातला जा, एक अण्णा तिथे असतातच. चौकागणिक अण्णा वेगळे. कुणी शाळेतून निवृत्त, कुणी पाटबंधारे खात्यातून, आमचे बँकेतून. पायात सँडल, हातात दुकानदाराचा पेपर (स्वतःचा घरी येतो, पण तो आधी 'हिला' लागतो) आणि चेहऱ्यावर, आज काहीही छापून आलेलं असलं तरी आपल्याला ते आधीच ठाऊक होतं, असा भाव.

पेपर उघडायची त्यांची एक रीत आहे. आधी जॅकेटची जाहिरात. ती उलटली की दुसरी. "बातम्या पाचव्या पानापासून," अण्णा पुकारा करतात, "तोवर चार फ्लॅट घेऊन टाका." मग गृहप्रकल्पाचं नाव मोठ्यानं वाचायचं, एकेक अक्षर सोडवत, आणि भाष्य करायचं: "नाव इटलीचं, नजारा टेकडीचा, पाणी टँकरचं." दुकानदार पातेल्यात आलं किसता किसता मान हलवतो. त्यालाही पाणी टँकरचंच येतं.

अण्णा चिडत नाहीत, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. चिडणारी जमात वेगळी. ती आवाज चढवते, 'या देशाचं काही होणार नाही' म्हणते आणि घरी जाऊन बीपीची गोळी घेते. अण्णांचा आवाज टोमण्याच्या वेळी उलट खाली जातो. ग्लास फळीवर ठेवायचा, नजर समोरच्या औषधाच्या दुकानाकडे लावायची आणि जणू आपण बोललोच नाही अशा बेतानं बोलायचं. हसायचं ते इतरांनी. स्वतः हसलं की टोमण्याचा विनोद होतो, आणि विनोद काय, टीव्हीवरही करतात.

त्यांचं खरं हत्यार जीभ नव्हे, तारखा. बाकीचे लोक बातमी वाचतात आणि विसरतात; अण्णा त्यांची मुदत ठेव करतात. चांदणी चौकाचा विषय निघू द्या. "2 ऑक्टोबर 2022," अण्णा सुरू होतात. "गांधीजयंती. मध्यरात्र उलटल्यावर सहाशे किलो स्फोटकं लावून जुना पूल उडवला. अहिंसेच्या दिवशी. आणि धुरळा खाली बसतो तर काय, पूल पुरता पडलाच नव्हता. उरलेला मशिनं लावून पाडावा लागला." इथे एक घोट. "बरोबर आहे. पाडायचाय म्हटल्यावर हटून उभा राहिला. पुण्याचा होता ना."

फ्लेक्सवरच्या 'भावी नगरसेवकां'चं तर त्यांच्याकडे खातंच आहे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं चौकातला भावी भावीच राहिला. दर वाढदिवसाला नवा फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांची तीच गर्दी, आणि साहेबांचा फोटोही तोच, काळ्याभोर केसांचा. "व्याकरणात भविष्यकाळ एवढा टिकत नाही," अण्णा म्हणायचे. "आमच्याकडच्या रिकरिंग खात्यांची मुदत याच्याआधी भरली."

मनोरंजनातही त्यांचं काम तारखांवरच चालतं. "'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 ला लागली आणि 2013 ला संपली. तेव्हापासून प्लंबर 'चार दिवसांत येतो' म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि सुनेचे चार तर अजून यायचेत." कोल्डप्लेचे जानेवारी 2025 चे नवी मुंबईतले कार्यक्रम जाहीर झाले आणि तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत अख्खी तरुण पिढी उभी राहिली, तेव्हा कट्ट्यावरच्या एका आयटीवाल्यानं मोबाइल दाखवला. त्याचा नंबर काही लाखांच्या पुढे. अण्णांनी चष्मा वर करून आकडा पाहिला. "अरे, ही काय रांग? आम्ही टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचो. आणि मिळाल्यावर त्यातून गाणं सोड, समोरचा माणूससुद्धा ऐकू यायचा नाही." तो मुलगा बिचारा हसला. त्याला तिकीट मिळालं का, हे कुणीच विचारलं नाही. कट्ट्यावर उत्तरांना फारशी किंमत नसते.

पण अण्णांचा माझ्या मते सर्वोत्तम टोमणा मोबाइलच्या त्या सायबर फसवणुकीच्या ट्यूनवरचा. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करायचे, मग पलीकडची घंटी. 2025 च्या जूनमध्ये सरकारनं ती बंद केली. त्याच्या थोडं आधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, एकदा अण्णा गॅसवाल्याला फोन लावत होते. फोन कानापासून हातभर लांब धरला, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "1975 ला 'शोले'त सगळं धर्मेंद्र बोलला. हा आपला गप्प. पन्नास वर्षांची भरपाई आता माझ्या खर्चानं चाललीय."

आता खासगीतली गोष्ट. हेच अण्णा नोकरीत असताना त्यांच्या काउंटरवर 'भोजनाची वेळ' ही पाटी असायची आणि ती वेळ पाटीवर लिहिल्यापेक्षा ऐसपैस असायची, असं त्यांच्याच वयाचे लोक सांगतात. तेव्हा टोमणे काचेच्या अलीकडून यायचे आणि अण्णा पासबुकात डोकं घालून बसायचे. एवढा मोठा संग्रह काही आयत्या वेळी होत नाही.

आणि अण्णा तक्रार कधीही करत नाहीत. अर्ज नाही, ॲप नाही, वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी नाहीत. तक्रार केली आणि चुकून काम झालं तर? एक चालता विषय गेला. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा खड्डा हा असाच त्यांचा हक्काचा विषय होता. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली धरणं चार: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. अण्णांनी पाचवं जाहीर केलं. जुलैत पेपरात धरणसाठ्याचे आकडे यायला लागले की हे फाटकाशी उभे राहून आपला आकडा द्यायचे. "काल रात्री शंभर टक्के. सांडव्यावरून सुरू आहे." तेवढ्यात एखादी रिक्षा भस्सकन जायची, पलीकडचा मॉर्निंग वॉकवाला कमरेपर्यंत भिजायचा आणि अण्णा शांतपणे म्हणायचे, "विसर्ग वाढवला. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र या धरणाचं कौतुक नव्हतं. त्यांनी खड्ड्याचा फोटो काढला, ॲपवर टाकला, तक्रारीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवला आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर फोन लावत राहिल्या. न चिडता, 'दादा, माझा क्रमांक लिहून घ्या' एवढंच. एका दुपारी टेम्पो आला, तीन माणसं उतरली, आणि संध्याकाळी खड्डा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अमृततुल्यात अण्णांनी पेपर शेवटच्या पानावरून उघडला. क्रीडा. जॅकेटवर काही बोलले नाहीत. कुणीतरी मुद्दाम धरणाची चौकशी केली, तर "झालं ते बरं झालं" असं एक सरळ वाक्य बोलले. अण्णांच्या तोंडून सरळ वाक्य! दुकानदारानं न विचारता त्यांच्या चहात साखर कमी घातली.

दोन दिवसांनी ते फाटकाबाहेर वाकून काहीतरी बघत होते. खड्डा बुजवला होता तो पेव्हर ब्लॉक बसवून, आणि ब्लॉक रस्त्याच्या चांगले दीड-दोन इंच वर आलेले. अण्णांनी सँडलच्या टाचेनं कड दाबून पाहिली. एक ब्लॉक खडखडला. मागून येणारा स्कूटरवाला उडाला, सावरला आणि मागे बघत काहीतरी पुटपुटत गेला. अण्णांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"पर्वती, वेताळ, हनुमान टेकडी," त्यांनी बोटं मोजली, आवाज खाली आणला आणि औषधाच्या दुकानाकडे बघत म्हणाले, "आणि आता ही. उद्या लोक इथे सकाळी फिरायला येतील. परवा हिच्या पोटातून बोगदा काढायचं ठरेल. तेरवा हिला वाचवायला मोर्चा."

"अण्णा, जरा बाजूला व्हा हो," मागून काकू म्हणाल्या. मोबाइल आडवा धरून त्या केव्हाच्या उभ्या होत्या. "फोटोत तुमचा पाय येतोय."